राक्षसीण अजून दारात

बेलाईदला गोळ्या लागल्या तेव्हा जुहेर त्याचाच खोकला कापत होती.

सोमवारची सकाळ होती. टेपचं चाक हाताने मागेपुढे फिरवून तिने खोकला नेमका कुठे सुरू होतो ते पकडलं, पांढऱ्या पेन्सिलीने खूण केली, ब्लेड टेकवलं, आणि बाहेर फाटकाशी टप टप टप असा आवाज झाला. कुणी गालिचा झटकतंय असं तिला वाटलं. तंत्रज्ञ मझियान, तिला खाला म्हणजे मावशी म्हणणारा, जिना उतरून धावत गेला. परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची पुढची बाजू लाल होती.

"खाला, खाली येऊ नका," तो म्हणाला. म्हणून ती गेली.

बेलाईद फाटकाच्या आत येऊन पडला होता. जेवणाचा डबा उघडून कुसकुस सांडलं होतं, आणि रक्त उतारावरून वाट काढत त्या कुसकुसपर्यंत पोचलं होतं. पहारेकरी भिंतीला टेकून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता : "त्या पोराने आधी सलाम केला हो. बेलाईदने सलाम घेतला. मग त्याने पिस्तूल काढलं."

जुहेरने डोक्यावरचा रुमाल काढून बेलाईदच्या तोंडावर टाकला. मग वर जाऊन टेबलावरचं अर्धवट कापलेलं काम पूर्ण केलं. लोकांना ते फार दगडाच्या काळजाचं वाटलं. पण कापलेली टेप तशीच लोंबत ठेवायची नसते. तिला एवढंच कळत होतं.

आमचं रेडिओ केंद्र परदेशात गेलेल्या आपल्या माणसांसाठी होतं. मार्सेच्या गोदीत, पॅरिसच्या कारखान्यांत, कुठेकुठे खोल्या करून राहणाऱ्यांसाठी. इकडेही ते घरोघरी ऐकायचे. आठवडा शनिवारी सुरू व्हायचा. बातम्या, पिकांचे भाव, गावाकडचे निरोप, कुणाच्या सुनेला मुलगा झाला, कुणाची विहीर आटली. फुटबॉलचा निकाल, शुक्रवारी प्रवचन. आणि रोज सूर्य बुडाल्यावर बेलाईदची गोष्ट. एक गोष्ट शनिवारी उघडायची आणि गुरुवारपर्यंत मिटवायची. आमच्याकडे गोष्ट दिवसा सांगत नाहीत. सांगितली तर पोरंबाळं टकली होतात. रेकॉर्डिंग मात्र दिवसाच करावं लागे. बेलाईद आधी स्टुडिओतला दिवा विझवायला लावायचा. "माझा बाप दिवसा गोष्टी सांगायचा," असं म्हणत तो टकलावरून हात फिरवायचा, "बघा काय झालं."

दुसरा नियम जास्त कडक. उघडलेली गोष्ट मिटवायचीच. शेवटचे शब्द म्हणून तिला घराबाहेर घालवायची. नाहीतर गोष्टीतलं जे काही वाईट असेल ते ऐकणाऱ्याच्या घरात मोकळं फिरत राहतं.

या आठवड्याची गोष्ट राक्षसिणीची होती. एका घरातली चूल विझते. मुलगी निखारे मागायला निघते आणि चुकून राक्षसिणीच्या झोपडीत जाते. राक्षसीण निखारे देते, पण फुटक्या मडक्यात. वाटभर राख सांडत जाते. त्या राखेचा माग काढत राक्षसीण निघते. शनिवार-रविवारी इथपर्यंत झालं होतं. रस्त्यांवरची नाकेबंदी वाढली होती, म्हणून बेलाईदने पुढचे दोन भागही आधीच बोलून ठेवले होते. शेवटचा तेवढा राहिला होता.

दुपारी केंद्राचे संचालक खलीफा यांनी तिला बोलावलं; मानाने सगळे त्यांना सी खलीफा म्हणत. टाय सैल होता.

"बसा, जुहेरबाई."

"उभी बरी आहे."

"मारणाऱ्यांचा फोन आला होता. त्या बडबड्याचा आवाज पुन्हा ऐकू आला तर टेप लावणाऱ्याचीही तीच गत करू म्हणाले. आज संध्याकाळी संगीत लावू या."

"कसलं?"

"कसलंही. शांत असलेलं."

"गोष्ट अर्धी राहते, सी खलीफा."

"माणूस मेलाय, आणि तुम्हाला गोष्टीचं पडलंय?"

"माणूस मेलाय म्हणूनच."

सी खलीफा खिडकीकडे गेले. खाली पहारेकरी पाण्याच्या नळीने उतार धूत होता. "मला तीन मुली आहेत," ते पाठमोरेच म्हणाले. त्या संध्याकाळी संगीत लागलं.

मंगळवारी जुहेर आणि मझियान बेलाईदच्या गावी गेले. वाटेत सैन्याने दोनदा अडवलं. दोन्ही वेळा मझियानने आधी अडवणाऱ्यांच्या पायांकडे पाहिलं. बूट असले तर खरे शिपाई, पळायचे जोडे असले तर ते दुसरे, बेलाईदला मारणाऱ्यांतले. त्या वर्षी शेंबडं पोरही आधी पाय बघायला शिकलं होतं.

पुरुष कबरस्तानात गेले. बायका घरात राहिल्या. बेलाईदची आई तावूस, सगळ्यांचीच यम्मा, भिंतीशी बसली होती. मांडीवर रेडिओ, तान्ह्या मुलासारखा.

"तू तीच ना, कापणारी?"

"हो, यम्मा."

"सांगायचा तो. म्हणायचा, माझं अर्धं बोलणं एक बाई कचऱ्यात टाकते, म्हणून मी लोकांना शहाणा वाटतो."

रडता रडता दोन-चार बायका हसल्या. मग म्हातारीने रेडिओवर थाप मारली.

"काल मी हा लावला. माझं लेकरू आत चादरीखाली होतं. आणि तुम्ही मला वाजंत्री ऐकवलीत?"

जुहेरला तोंड वर करवेना. "चुकलं आमचं."

"चुकलं तर निस्तरा. राक्षसीण वाटेवर आहे. ती कुठे जाईल आता? त्याने घरोघरी दार उघडून ठेवलंय. ते लावून घ्या, म्हणजे तो झोपेल."

"शेवट त्याने बोलून ठेवला नाही, यम्मा."

"मग तू सांग. तुला काय जीभ नाही?" म्हातारीने तिला जवळ ओढलं, कानाशी तोंड नेलं. "आमच्या गावचा शेवट असा. पोरगी दार उघडते, हातात पेटतं लाकूड. घर पेटतं. दोघी जळतात. तो मात्र रेडिओवर पोरीला जगवायचा. म्हणायचा, लांब राहणाऱ्यांना कुणीतरी जगलेलं लागतं. मी त्याला शिव्या द्यायचे. खोटारडा म्हणायचे."

परत येताना गाडी मझियान चालवत होता. शहर दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "खाला, टेपा तुमच्याच कपाटात आहेत ना?"

"का?"

"आज रात्रपाळी माझी आहे. सी खलीफा सहाला घरी जातात."

"मझियान, तुला कळतंय का तू काय बोलतोयस? फोनवर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"टेप लावणाऱ्याची गत." तो हसला. "मला वाटलं होतं, आयुष्यात माझ्या कामाची कुणी दखल घेणार नाही."

तिने किल्ली दिली. आपण ती दिली, ही गोष्ट पुढे तिने कधी कुणावर ढकलली नाही.

मंगळवारी सूर्य बुडाल्यावर बेलाईदचा मेलेला आवाज लागला. तिसरा आणि चौथा, दोन्ही भाग एकापाठोपाठ. राक्षसीण राखेवरून वास घेत आली, दाराशी उभी राहिली, आणि पहिल्यांदा तिने दारावर नख ओढलं. तिथे भाग संपला.

बुधवारी सकाळी मझियान घरी पोचला नाही. समुद्राकडच्या वळणावर गाडी सापडली, चारही दारं उघडी. अडवणाऱ्यांनी सगळा गणवेश घातला असेल, बूटसुद्धा. तेही शिकत होतेच की. त्याच्या बायकोला ओळख पटवायला बोलावलं तेव्हा तिला फक्त घड्याळ दाखवलं. कापलेला गळा आणि नसलेला उजवा हात यांबद्दल तिला कुणी सांगितलं नाही. तिला शेजारणीकडून कळलं.

त्या संध्याकाळी केंद्रावरून फक्त कुराणपठण झालं.

जुहेरचा नवरा अर्झकी, निवृत्त बसड्रायव्हर. ती घरी आली तेव्हा तो कपाट ढकलून दाराला लावत होता.

"उद्या जायचं नाही," तो म्हणाला.

"उद्या जायचंय. शेवट सांगायचाय."

"कुणी?"

"मी."

अर्झकीने कपाट सोडलं. "इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं कापण्यात गेली तुझी. तुझा आवाज मी ऐकतो तेवढा पुरे नाही का? अख्ख्या देशाला कशाला ऐकवतेस?"

"मझियानला किल्ली मी दिली, अर्झकी."

स्वयंपाकघरात जाऊन तो भांडी आपटून आला.

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"मग तुला कॉफी करायला शिकावं लागेल."

"चेष्टा सुचतेय तुला." त्याचा आवाज फुटला. मग कॉफीचा डबा आणून त्याने विचारलं, "साखर कधी घालायची? आधी की नंतर?"

गुरुवारी ती केंद्रावर पोचली तर टेलिफोनवरची मुलगी रडवेली झाली होती. सकाळपासून समुद्रापलीकडून फोन थांबतच नव्हते.

"खाला, तुम्हीच बोला यांच्याशी. ही आजी तर मलाच शिव्या देतेय."

मार्सेची म्हातारी होती. "अगं पोरी, तुम्ही ती बया माझ्या दारात आणून सोडलीत! नातवंडं मोरीत जायला तयार नाहीत. तिला काय जेवायला वाढू मी?"

"आज संपेल, आजी."

"संपेल कशी? बेलाईदला तर मारला म्हणतात."

"तरी संपेल."

नंतर कारखान्याच्या वसतिगृहातून एक खर्जातला आवाज. "बाई, पोरगी दार उघडते की नाही तेवढं सांगून टाका. इथे खोलीत मारामारी झालीये. एकाचा दात पडला."

फोन ठेवून तिने मान वर केली तर दारात सी खलीफा उभे. तिला वाटलं, आता हाकलणार.

"यंत्रावर कोण बसणार?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांनी रजा टाकलीये."

"माहीत नाही."

"मी बसतो. तरुणपणी हेच काम करायचो मी." त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या. "नाव मात्र सांगायचं नाही. बोला आणि निघून जा. बिननावाच्या बाईला कोण ओळखणार?"

"तुमच्या मुली, सी खलीफा?"

"काल धाकटी विचारत होती, दार उघडतं का."

संध्याकाळी जुहेर स्टुडिओत बसली. समोर मायक्रोफोन. काचेपलीकडे संचालक, चष्मा कपाळावर, चुकीचं बटण दाबून स्वतःलाच शिव्या देत. लाल दिवा लागला. तिने श्वास घेतला, आणि तो श्वास सगळ्या समुद्रावर ऐकू गेला. ते तिला लगेच कळलं. आता मागे फिरून कापायला कुणी नव्हतं.

"राक्षसीण दारात होती," ती म्हणाली. आवाज घोगरा आला, बाजारात भांडून आल्यासारखा. "ती म्हणाली, पोरी, माझे निखारे परत दे. पोरीने सात घरांकडे हाका मारल्या. सगळे जागे होते. कुणी कडी काढली नाही."

काचेपलीकडे सी खलीफा थांबले.

"मग ती चुलीशी गेली. राक्षसिणीच्याच निखाऱ्यावर तिने लाकूड पेटवलं. आणि कडी तिनेच काढली."

इथपर्यंत तिचं पक्कं ठरलं होतं. गावचा शेवट सांगायचा, खरा, आईचा. दोघी जळतात. मझियानच्या घड्याळानंतर खोटं सांगणार कोण? राक्षसिणीचे केस पेटले, तिने पोरीला कवटाळलं, छप्पर खाली आलं. सगळं सांगितलं. कातडी कशी तडतडली तेही. पुढचं वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच अडलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. सी खलीफांनी हात वर केला, बोला, बोला.

"सकाळी सात घरांची माणसं आली," जुहेर म्हणाली. "त्यांना वाटलं, राख गोळा करावी लागेल. पोरगी ओट्यावर बसली होती. हात कोपरापर्यंत भाजलेले. ती म्हणाली, चूल पेटलीये. ज्याला निखारा हवाय त्याने मागायला यावं."

मग तिने गोष्ट घालवून दिली : "गोष्ट गेली ओढ्याने, आम्ही राहिलो काठाने. वाईट नेलं कोल्ह्याने, घर राहिलं सुखाने."

दिवा विझला. फोन वाजला. टेलिफोनवरच्या मुलीने काचेतून खूण केली, गावाहून आहे. जुहेरने उचलला. पलीकडे बराच वेळ रेडिओची खरखर, मग यम्मा तावूस.

"खोटारडी," म्हातारी म्हणाली, आणि रडायला लागली.

शुक्रवारी प्रवचन होतं. जुहेर घरातच बसली. अर्झकीने कॉफी केली. ती प्यायल्यावर तिला मरणाचीही फारशी धास्ती वाटेना.

शनिवारी नवा आठवडा. कामाला जायच्या आधी ती कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली. नेहमीची रांग, नेहमीची माणसं. वर्षानुवर्षं ती तिथे उभी राहायची आणि कुणी तिच्याकडे बघायचं नाही, इतकी ती साधी बाई. तिचा नंबर आला.

"दोन लांब पाव," ती म्हणाली.

बेकरीवाल्याचा हात टोपलीतच थांबला. मागची कुजबुज एकदम बंद झाली. तिला मागे वळून बघायचा धीर होईना. तो घोगरा आवाज. नाव नाही सांगितलं तरी. आता भाजीवाल्यापाशी, बसमध्ये, दवाखान्यात, जिथे तोंड उघडेल तिथे हेच होणार. आणि ऐकणाऱ्यांतला प्रत्येकजण आपला असेलच असं थोडंच आहे?

बेकरीवाल्याने पाव कागदात गुंडाळून दिले. ती वळली.

रांग मोडली होती. एक गवंडी, हातावर सिमेंट. शाळेची मास्तरीण. दुधाची किटली घेतलेली एक पोक्त बाई, जिच्याशी जुहेरचं दोन वर्षं जिन्यातल्या पाण्यावरून भांडण होतं. सगळे दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले होते, रस्त्याकडे तोंड करून, खांद्याला खांदा लावून. तिच्याकडे पाठ.

"बस आली की सांगतो, तोवर आडोशालाच थांबा," गवंडी मागे न बघता म्हणाला.

जुहेर त्यांच्या मागे उभी राहिली. पाव गरम होते, कागदातून हाताला चटके बसत होते. तिने ते या हातातून त्या हातात घेतले.