अर्धी उरलेली थेंबांची बाटली

मी जुनी आहे, मित्रांनो, आणि हेच माझं दुखणं आहे. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली जुनी असूच नये. तिनं महिनाभर काम करावं आणि निमूट कचऱ्यात जावं. मी मात्र एका सुताराच्या घरात, आरशामागच्या फळीवर, वर्षभर मानानं बसले. आज इस्पितळाच्या बाकावर एका म्हाताऱ्याच्या मुठीत घामानं ओली झाले.

माझा जन्म कारखान्यातल्या स्वच्छ खोलीत झाला. माझ्या टोकाला कुणी बोटसुद्धा लागू देत नसे. सूज उतरवणारं स्टिरॉइड माझ्यात भरलं, बूच घट्ट लावलं आणि औषधाच्या दुकानातून मी या म्हाताऱ्याकडे आले. हा त्या सुताराचा बाप. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यातलं गढूळलेलं भिंग काढून नवं बसवलं होतं आणि सूज उतरावी म्हणून मला दिलं होतं. काय थाट होता माझा! सून साबणानं हात धुतल्याशिवाय मला शिवत नसे. नीट दिसायला लागलं तेव्हा म्हातारा सुनेला म्हणाला, "अगं, तुझे केस पिकले की!" सगळे पोट धरून हसले. श्रेय खरं तर डॉक्टरीणबाईंचं. म्हाताऱ्यानं ते सगळं मलाच देऊन टाकलं.

बाईंनी बजावलं होतं, की औषध बंद झालं की बाटली टाकून द्या. पण ऐकेल तर शपथ! "अर्धी भरलेली आहे. चांगलं औषध कुणी टाकतं का?" असं म्हणून त्यानं मला फळीवर ठेवलं. मग शेजारी कुणाचे डोळे आले, कुणाच्या डोळ्यात काही गेलं, की म्हातारा मला खिशात घालून हजर. लाली उतरायची. लोक त्याला थट्टेनं 'डॉक्टर' म्हणायचे आणि स्वारी खुश व्हायची. माझं टोक ज्याच्या त्याच्या पापण्यांना लागलं. लेबल पुसट झालं. त्या लोकांचे डोळे वाचले ते त्यांचं नशीब, माझा गुण नव्हे.

मग एक दिवस रंधा मारताना लाकडाची बारीक कपची उडाली आणि सुताराच्या उजव्या डोळ्यात गेली. त्यानं भुशानं भरलेल्या हातानंच डोळा चोळला. घरी आला तेव्हा डोळा लालभडक झाला होता, सारखं पाणी वाहत होतं.

"अहो, दवाखान्यात जाऊन येऊ या," बायको म्हणाली.

"उद्या कपाट पोचवायचंय. बाबा, तुमचे ते थेंब आहेत ना?"

म्हाताऱ्याला कोण आनंद! "आहेत म्हणजे काय? मान वर कर. अगं, तू उगाच घाबरतेस. माझी नजर आणली हिनं."

मित्रांनो, मी आतल्या आत किंचाळत होते. कपचीनं बुबुळाला ओरखडा पडला होता आणि त्या ओरखड्यातून बुरशी आत शिरली होती. बुरशी मारायचं औषध वेगळं. माझ्यात त्याचा एक थेंबही नव्हता. डोळा लाल होतो, दुखतो, तेव्हा तो आतल्या शत्रूशी झगडत असतो. मी ते झगडणंच बंद पाडते. दुसऱ्या दिवशी लाली उतरली, ठणका कमी झाला आणि सुतार हसत कामाला गेला. "बघ, सांगत नव्हतो?" म्हातारा सुनेला म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. सुताराला उजेड सोसेना. तो तोंडावर टॉवेल टाकून पडून राहिला. म्हातारा घाबरला, आणि घाबरून त्यानं काय करावं? थेंब वाढवले! माझ्या टोकाशी औषध सुकून अडकलं होतं. मला वाटलं, सुटला बिचारा. पण म्हाताऱ्यानं टाचणीनं भोक मोकळं केलं आणि मला आणखी जोरात दाबलं. माझी कोण तगमग झाली! शेवटी सुनेनं मला त्याच्या हातातून हिसकावलं. "पुरे झालं, बाबा!" ती रडत म्हणाली आणि नवऱ्याला रिक्षात घालून इथे घेऊन आली. म्हातारा मागोमाग आला.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून डोळा पाहिला. मग सुनेच्या हातून मला घेऊन उजेडात धरलं.

"हे थेंब घालायला कुणी सांगितलं?"

"मी," म्हातारा म्हणाला.

त्यांनी बुबुळावरचा जरासा भाग खरवडून तपासला आणि मग शांतपणे सांगितलं, "आत बुरशी आहे. बुबुळाला जखम झाली आहे आणि या थेंबांनी ती खोल गेली. आता तासातासाला दुसरे थेंब घालावे लागतील, रात्रीसुद्धा. पांढरा डाग राहणार. किती दिसेल ते आज नाही सांगता येत. फारच बिघडलं तर बुबुळ बदलावं लागेल."

"मग माझं काढा ना!" म्हातारा हात जोडून म्हणाला. "माझं काय राहिलंय आता बघायचं? त्याला लावा."

"जिवंत माणसाचा दिसता डोळा काढत नाहीत हो, आजोबा."

मग टेबलावरून मला उचलून तो बाहेरच्या बाकावर येऊन बसला. मगाशी सून बाहेर आली. "बाबा, ते म्हणतायत, नवे थेंब बाबांनाच घालू दे, त्यांचा हात हलका आहे." म्हातारा उठला, मला कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिला. मग आत गेला.

दार उघडंच आहे. मला इथून ऐकू येतंय.

"डावा डोळा झाक. आता दिसतंय का रे काही?"

"उजेड कळतोय, बाबा. तुम्ही नाही दिसत."

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा. मी पाया पडून सांगते, मला जपू नका. तुमच्या घरातही आरशामागे, कपाटात, फ्रिजच्या दारात माझी एखादी बहीण असेलच. डोळा दुखला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि तिला आजच्या आज फेकून द्या.