टोनहीला वारा सोसत नाही

मे महिन्यातलं रायपूर. दिवसभर लू वाहून गेलेली, भिंतीला पाठ टेकावी तर चटका बसावा असा उकाडा, आणि करंजीपाऱ्यात, म्हणजे करंजीच्या मोहल्ल्यात, एकाही घरी कूलर चालू नव्हता. पंखेसुद्धा बंद. सगळा पारा गल्लीत आणि गच्च्यांवर घामाने निथळत उभा होता, तोंडं आकाशाकडे. अगिनदास बैगाचा, म्हणजे मांत्रिकाचा, हुकूमच तसा होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

"निघाली! ते पाहा, निघाली!"

गल्लीच्या टोकाला एक अर्धवट बांधलेली इमारत होती. तिच्या माथ्यावरून वाटाण्याएवढी लाल ठिणगी सुटली, हवेत जराशी अडखळली आणि सावकाश, माणसाच्या चालीने, अंधारत्या आकाशातून पुढे येऊ लागली. बायकांनी लेकरांचे डोळे झाकले. एक म्हातारी मटकन खाली बसली.

छत्तीसगडात चेटकिणीला टोनही म्हणतात. तिन्हीसांजेला ती तोंडातून आग टपकवत हिंडते, हे पाऱ्यातल्या प्रत्येकाने आजीकडून ऐकलेलं. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, प्लॉटांचे भाव आभाळाला भिडले; टोनही मात्र जुनीच राहिली. आणि आता तर ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उडत होती.

खाली तख्तावर लाल धोतरातला बैगा उभा राहिला. शेजारी त्याचा चेला डोळे अर्धे मिटून जपाला बसलेला, दोन्ही हात मांडीवरच्या गोमुखीत, जपमाळेच्या भल्यामोठ्या भगव्या पिशवीत.

"चुप रहव सब!" बैगा गरजला. "जब टोनही रेंगथे, त पत्ता घलो नइ डोलय! देखव, डोलत हे का?"

टोनही चालते तेव्हा पानसुद्धा हलत नाही, म्हणे. सगळ्यांनी करंजीच्या झाडाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं.

"नइ डोलत, महराज!"

"त बोलव, हूंऽऽ!"

"हूंऽऽ!" सगळा पारा घुमला. त्या घुमण्याने पद्मिनीच्या अंगावर काटा आला. ती आपल्या गच्चीवर नवऱ्याच्या शर्टाची बाही घट्ट धरून उभी होती.

"अजी, मले लय भेव वाटून राहिलं."

"बोलू नको," दिवाकर म्हणाला. रेल्वेच्या ऑफिसात साहेबाशी वाद घालणारा हा माणूस, पण आज तोही कुजबुजत होता.

ठिणगी समोरच्या कोपऱ्यातल्या बैठ्या घरावर आली. त्या घराभोवती एक फेरी घेतली, आणि आल्या वाटेने इमारतीमागे विझली.

"चिन्ह डारिस!" बैगाने दोन्ही हात वर केले. "काली ओ अपनेच घर उपर बइठही! फेर देखबो!"

खूण करून गेली; उद्या ती आपल्याच घरावर येऊन बसेल, मग पाहून घेऊ. या 'पाहून घेऊ'चा अर्थ तिथल्या लहान पोरांनाही ठाऊक होता. टोनही ठरलेल्या बाईला केस धरून ओढतात, मारतात, नको ते खायला घालतात. त्याविरुद्ध कायदा झालेला आहे, पण जमाव दाराशी येतो तेव्हा कायदा दूर कुठे तरी कपाटात असतो. आणि कोपऱ्यातलं ते घर शांताबाईचं होतं.

शांताबाई रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती. नवरा वारला, मूलबाळ नाही, नोकरी संपल्यावर या घरात एकटी राहायची. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. बैगाने प्रत्येक दाराला कडुलिंबाची डहाळी बांधायला लावली, तेव्हा ती न बांधणारं पाऱ्यात हे एकच घर निघालं. बैगाला एवढा पुरावा पुरला. त्याला इथे आणणारा प्लॉटांचा दलाल दयाराम. या घराची कोपऱ्यातली जागा नव्या रस्त्याला लागून येत होती, आणि ती विकायला शांताबाई तयार नव्हती. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायची उसंत भ्यालेल्या माणसांना नसते.

पद्मिनीने डहाळी बांधली होती. हे तिला आतून खात होतं. तिची अनुश्री जन्मली ती निळी, न रडणारी. घरचे सगळे गार पडले होते, तेव्हा शांताबाईने त्या जिवाच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरला होता. ती पोरगी आज भिलाईच्या हॉस्टेलमध्ये राहून इंजिनिअरिंग शिकत होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्ली निजलेली पाहून, पद्मिनी मागच्या दाराने शांताबाईकडे गेली. कौलावर पडलेले दगड शांताबाईने गोळा करून अंगणात रचले होते.

"शांताबाई, थोडे दिवस नागपूरले निघून जा ना भावाकडं."

"काहून जाऊ? पळाली तर म्हणतीन, खरंच टोनही होती."

"तुमाले भेव नाही वाटत?"

"वाटते ना बाई. दाराले टेबल लावून बसली होती काल." तिने अंगणातल्या दगडांकडे बोट दाखवलं. मग ती म्हणाली, "पद्मिनी, तू एक काम कर. आज ते आलं का डोळे झाकू नको. आम्हाले नर्सिंगमधी पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. रक्त पाहून भेव वाटलं तरी डोळे उघडे ठेवाचे. दिसलं नाही तर इलाज कशाचा करशीन?"

पद्मिनी मान हलवून परत आली. दारातून आत जाताना लिंबाची डहाळी डोक्याला लागली. ती तिने काढली नाही, तेवढं बळ अजून आलं नव्हतं.

संध्याकाळ झाली. वारा पडला. कूलर एकेक करून बंद झाले आणि पारा पुन्हा जमला, कालच्यापेक्षा जास्त. काहींच्या हातात काठ्या होत्या. शांताबाई आपल्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती, पदर खांद्याभोवती घट्ट ओढून. पद्मिनीच्या गच्चीवरून ती स्पष्ट दिसत होती. गच्चीवर उन्हाळ्यात निजायला आणलेला मोठा पत्र्याचा कूलर होता, चाकांच्या स्टँडवर, तोही गप्प.

"हूंऽऽ" सुरू झालं. पण ठिणगी काही येईना. गल्लीत कुठे तरी एक कूलर अजून घरघरत होता. बाळंतीण असलेल्या पिंकीच्या घरचा असावा.

तेवढ्यात जपाला बसलेल्या चेल्याने डोळे उघडले आणि वैतागून खेकसला, "अरे वो कूलर बंद कराओ पहले! हवा आ रही है!"

पद्मिनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा सूर तिच्या ओळखीचा होता. अगदी हाच वैताग, हेच शब्द.

"मम्मी, कूलर बंद करो ना! हवा आ रही है!"

अनुश्री सुट्टीत घरी आली की दिवाणखान्यात हाच आरडाओरडा चालायचा. कॉलेजच्या स्पर्धेसाठी ती विमानं बनवायची. डब्यातून सुटे भाग यायचे: पापडासारखं पातळ फोम, उदबत्तीएवढ्या काळ्या काड्या, शेंगदाण्याएवढी मोटर, नखाएवढा रिसीव्हर. प्रत्येक भाग ती गोल बाजारातून आणलेल्या सोनाराच्या काट्यावर तोलायची. डिंकाचा एक थेंब जास्त पडला की कपाळाला हात. पंख सुकेपर्यंत धरून बसायचं काम पद्मिनीचं. आणि तयार झालेलं ते पाखरू इतकं हलकं, की पंखा फिरला तर भिंतीवर जाऊन आपटायचं. म्हणून पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद, आणि आई घामाघूम. "येवढुसं विमान अन् येवढे नखरे!" म्हणून पद्मिनीने तिला कितीदा रागावलं होतं.

टोनहीला कूलरचं काय भय? आगीला वारा लागला तर आग भडकेल, विझेल कशी?

पिंकीचा कूलर थांबला. ठिणगी निघाली.

या वेळी पद्मिनीने डोळे झाकले नाहीत. तिने पाहिलं; आणि आकाशात नाही, खाली पाहिलं. चेल्याचे दोन्ही हात गोमुखीत होते. जपमाळ ओढायला एक हात लागतो. तिचा बाप जन्मभर गोमुखी घेऊन बसायचा, दुसरा हात त्याने कधी आत घातला नव्हता. भगव्या कापडाखाली अंगठ्यांचे उंचवटे हलत होते. एक अंगठा डावीकडे सरकला, ठिणगी डावीकडे वळली. उजवीकडे सरकला, उजवीकडे.

'टोनही चालते तेव्हा पान हलत नाही' असं नव्हतंच ते. पान हलत नसेल तेव्हाच ती चालत होती! मागच्या आठवड्यात धुळीचं वादळ सुटलं त्या संध्याकाळी ती फिरकलीही नव्हती.

"अजी, मी कूलर चालू करते," ती बोलून गेली.

"पागल झाली का? तुलेच टोनही म्हणतीन सारे! बस खाली!"

ते खरं होतं. तिचा अंदाज चुकला असता तर उद्या लोक दगड घेऊन याच दाराशी आले असते. आणि मनाच्या तळाशी लहानपणीची पद्मिनी अजून कुजबुजत होतीच: खरीच टोनही असली तर? ठिणगी संथपणे कोपऱ्यातल्या घराकडे उतरत होती. जमाव शांताबाईच्या फाटकाशी सरकला. शांताबाई उठली नाही. तिने फक्त मान वर करून पद्मिनीच्या गच्चीकडे पाहिलं.

पद्मिनीने कूलरचं तोंड फिरवलं आणि खटका दाबला.

पत्र्याचं ते धूड धडधडलं आणि वाऱ्याचा लोट सुटला. गच्चीच्या उंचीवर आलेली ठिणगी जागच्या जागी थरथरली, उलटी झाली, दोन गिरक्या खाल्ल्या आणि शांताबाईच्या अंगणात टपकन पडली. माणसं किंचाळली. काठ्या घेऊन आलेले सगळ्यात आधी मागे पळाले.

"अनर्थ! अनर्थ हो गे!" बैगा ओरडला. "छूबे झन!"

हात लावू नका, म्हणे. शांताबाई उठली, वाकली आणि ती टोनही दोन बोटांनी उचलून गल्लीतल्या दिव्याखाली घेऊन आली. तोवर पद्मिनी जिना उतरून आली होती, हातात अनुश्रीचं शोकेसमध्ये ठेवलेलं जुनं विमान. दोन्ही शेजारी धरली. तसंच फोम, फक्त काळ्या रंगाने रंगवलेलं. तसेच पंख, तशीच मोटर, पोटाखाली तशीच चपटी बॅटरी; आणि नाकावर एक लाल दिवा, दिवाळीच्या माळेत असतो तसा.

"हे विमान आहे," पद्मिनी म्हणाली. "माही पोट्टी बनवते असे. रिमोटवर चालते. याले हवा सहन होत नाही, म्हणून तुमचे कूलर बंद कराले लावले. आवाज येते मच्छरासारखा, म्हणून तुमाले हूं हूं कराले लावलं. अन् रिमोट त्या थैलीत आहे!"

चेला उठून पळू लागला, पण बाळंतिणीचा नवरा आधीच चिडलेला होता. त्याने गोमुखी हिसकली. आतून अँटेनावाली काळी डबी निघाली, माळेचा एक मणी नाही. पद्मिनीने अंगठ्याने तिची कळ पुढे ढकलली. शांताबाईच्या तळहातावरच्या विमानाचा पंखा भुणभुणत फिरला.

लोक एकदम मागे सरले. मग कुणाचं तरी लेकरू खुदकन हसलं.

"टोनहीच हर ये रूप धरे हे!" विमानाचं रूप टोनहीनेच घेतलंय, अशी बैगाने शेवटची थाप मारली.

"हव महराज," काल मटकन खाली बसलेली म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "अउ तोर चेला के झोला मा रिमोट घलो टोनहीच धरिस का?"

चेल्याने तिथेच सगळं खरं ओकून टाकलं. तो आधी खेळण्यांच्या दुकानात विमानं उडवून दाखवायचा. दयारामचा माणूस इमारतीवरून विमान हाताने सोडायचा, हा खालून चालवायचा आणि बैगा तोंड चालवायचा. शांताबाई घर सोडून पळाली की जागा दयारामची. दयारामची गाडी केव्हाच निघून गेली होती, पण दिवाकरने बोलावलेले पोलीस आले आणि त्यांनी त्याचं घर गाठलं. बैगाला जीपमध्ये बसवलं तेव्हा तो पंखा लावा, पंखा लावा म्हणत होता.

गल्लीत कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. काठ्या कुठे टाकाव्यात ते कळत नव्हतं.

"शांताबाई, मीही डहाळी बांधली होती," पद्मिनी रडत म्हणाली.

"मले माहीत आहे ना. दिसते ना माह्या अंगणातून." शांताबाईचेही डोळे भरले होते. मग ती लोकांकडे वळली. "भेव वाटाची लाज नाही. मलेही वाटलं, हिलेही वाटलं. पण भेव वाटलं का काठी उचलाच्या आधी इचारत जा, बाबांनो. हे कोण दाखवून राहिलं? काहून दाखवून राहिलं? अन् कूलर चालू केला तर काय होते?"

पद्मिनीने घरी जाऊन दाराची डहाळी ओढून काढली आणि बकरीला घातली. पाठोपाठ शेजारच्या दाराची निघाली, मग त्याच्या शेजारच्या. आणि मग पिंकीच्या घरून सुरुवात होऊन एकेका खिडकीत कूलर घरघरू लागले, सगळ्या पाऱ्यात गार वारा सुटला, करंजीची पानं सळसळली.

वाचकहो, उद्या तुमच्याही गल्लीत कुणी आकाशात आग दाखवील, नाही तर हवेतून राख काढील, आणि सांगेल की दिवे बंद करा, डोळे मिटा, प्रश्न विचारू नका. तो जे बंद करायला सांगेल, तेच आधी चालू करून पाहा.