हौसाबाईंचं माप आणि माझा गोंधळ

मी टेप बोलतेय. गाणी वाजवणारी नव्हे हो, मापं घेणारी. पिवळी, दीडशे सेंटिमीटरची, टोकाला पितळी पट्टी. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. म्हणजे जन्मापासूनच माझ्या अंगावर एका प्रश्नाची दोन उत्तरं छापलेली! मी गोंधळणार नाही तर काय?

पनवेलच्या बाजारातून मला शोशानाबाईंनी आणलं. त्या ब्लाउज शिवायच्या. माप घेताना माझ्याखाली हमखास दोन बोटं सरकवायच्या. "बाईला जेवल्यावर बसता आलं पाहिजे गं," असं भाचीला, जेरुशाला, सांगायच्या. पुढे त्या मुलाकडे इस्रायलला राहायला गेल्या आणि मी मशीनच्या खणात पडून राहिले. चार वर्षं कुणी हात लावला नाही. आपलं कुठे काही चुकलं का, हेच मी घोकत होते.

मग एकदा खण उघडला. जेरुशा! आता ती ग्रॅज्युएट झाली होती आणि तिला आरोग्य सर्वेक्षणाचं काम मिळालं होतं. पोरगी भारी घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. तिनं मला पर्समध्ये टाकलं आणि आम्ही कोन गावात घरोघरी फिरू लागलो.

काम असं, की हृदयविकाराचा झटका अजून आलेला नाही, पण येण्याचा धोका जास्त आहे, अशी माणसं आधीच शोधायची. वय, कमरेचा घेर, तंबाखू, व्यायाम, सगळ्याला गुण. बेरीज चारच्या वर गेली, की त्या माणसाला लवकर तपासणीला बोलवायचं. मला काहीच कळेना. शाळेत गुण जास्त मिळाले की पेढे वाटतात, आणि इथे लोकांचे चेहरे उतरतात!

हौसाबाई तिथेच भेटल्या. वय सत्तावन्न, आवाज खणखणीत.

"तंबाखू?" जेरुशानं विचारलं.

"नाय गो बाय."

"व्यायाम? शेतातलं काम?"

"शेतावर बिल्डिंग उभी हाय. आता काय जिन्यात भात लावू?"

घेर भरला ब्याण्णव. गुण झाले पाच. "मावशी, मंगळवारी आरोग्य केंद्रावर या," जेरुशा म्हणाली. हौसाबाई हसल्या, पण पाच म्हणजे फार का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

शनिवारी मीटिंग होती. सर्वेक्षणाचे प्रमुख विनायक सर सगळ्यांना मापं घेऊन दाखवायला सांगत होते. जेरुशानं मला गुंडाळलं आणि सवयीनं दोन बोटं आत सरकवली.

"बोटं काढा! ब्लाउज शिवायचाय का?" सर ओरडले.

सगळे हसले. जेरुशा लालबुंद. मीही मेले लाजेनं. एकतीस बायकांची मापं सैल घेतली होती आम्ही!

सोमवारी पुन्हा कोनला. या वेळी मी हौसाबाईंना नीट टेकले. एकोणनव्वद. नव्वदच्या आत, म्हणून एक गुण कमी झाला. बेरीज चार.

"मावशी, माझं माप चुकलं होतं. उद्या नाही आलात तरी चालेल."

"पावली गो एकवीरा आई!" हौसाबाईंनी मोठा श्वास सोडला. मग खुशीत कनवटीची डबी काढली, बोटावर काळी भुकटी घेतली आणि दात घासू लागल्या.

"हे काय?"

"मशेरी."

"कशाची असते?"

"कशाची मंजे? तंबाखू भाजून करतान. कालेजात काय शिकवलान तुला?"

जेरुशाच्या हातून पेन पडलं. "पण तुम्ही तर तंबाखूला नाही म्हणालात!"

"तंबाखू गडीमानसांची. ह्यो दात घासाचा."

"दिवसातून किती वेळा?"

"सकाली, जेवल्यावर... डोका धरला तं आनखी एकदा."

जेरुशानं पेन उचलून दोन गुण वाढवले. सहा. "मावशी, उद्या यावंच लागेल."

आता मात्र हौसाबाई भडकल्या. "पयली बोललीस ये. मंग बोललीस नको. आता परत ये! माजा जीव काय सापशिडीची सोंगटी हाय?"

मला तर वाटलं, बरोबरच बोलताहेत. बाई तीच, घर तेच, आकडे मात्र पाच, चार, सहा! मग खरा कुठला?

जेरुशा रडवेली झाली. "माझं दोनदा चुकलं, मावशी. मलाच काही कळेनासं झालंय. पण तुम्ही आला नाहीत तर मला जेवण जाणार नाही."

"तुला जेवान जावा म्हनून मी सुया टोचून घेऊ?" असं म्हणून हौसाबाई आत गेल्या. मग चूळ भरून आल्या. "उद्या कशाला? आताच चल. उद्या तू परत बदलशील."

केंद्रावर डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. एकशे शहाऐंशी. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजला. एकशे चौऱ्याऐंशी. "कधीपासून आहे हा?" त्यांनी विचारलं. हौसाबाईंना कुठे ठाऊक होतं? त्यांना काही दुखत नव्हतं, काही खुपत नव्हतं. ईसीजी काढला, गोळ्या सुरू झाल्या, रक्त तपासायला गेलं. तेवढा वेळ जेरुशानं मला मुठीत इतकं आवळून धरलं होतं, की माझी अजून घडी सरळ होत नाही.

आता ती एकतीसही फॉर्मवर तंबाखूच्या ओळीखाली पेनानं "मशेरी?" असं लिहीत बसली आहे. उद्या पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात. मी कंबर मोजते. काळीज मोजता येत नाही मला. कुणाला धोका आहे, हे वरून बघून कुणालाच कळत नसेल, तर माझ्यासारख्या चिंधीला काय कळणार?

म्हणून हात जोडून सांगते. जेरुशा तुमच्या दारात आली, तर पोट आत ओढू नका. तिनं विचारलं नाही, तेही सांगा. ती दचकेल, पण लिहून घेईल.