झांजेच्या जागा

अश्लेषानं हेडफोन कानाला लावून पुन्हा सुरुवात केली, आणि तिसऱ्या ओळीतच उजव्या मनगटात कळ आली. तिनं हात इलेक्ट्रिक पियानोवरून उचलून मांडीवर ठेवला. पलीकडच्या खोलीत नाना खोकत होते. नाना म्हणजे तिचे वडील, दत्तोपंत. अर्धांगवायूनं त्यांचं डावं अंग गेल्यापासून त्यांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं, सगळं ह्याच मनगटावर चाललं होतं. त्यात आता जाझचं खूळ.

धाराशिवच्या एका वाचनालयाचा वर्धापनदिन होता. तुळजापुरात शाळेवर संगीत शिकवणाऱ्या बाई पुण्याला पियानो शिकून आल्यात, असं कार्यवाह अमरनाथला कुणीतरी सांगितलं आणि त्यानं पिच्छाच पुरवला.

“तीनच मिनिटं, मॅडम. पण असं वाजवा, की लोकांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत.”

“जरा संथ चालेल का?”

“संथ नको. संथ म्हटलं की लोक चहाला उठतात.”

तिच्या मनात जाझच्या दोन रचना होत्या. एक संथ, मनगटाला सोसणारी. दुसरी छोटी पण भन्नाट, बोटं पट्ट्यांवर नुसती पळायची. शहाण्या माणसानं पहिली निवडली असती. पण वर्षानुवर्षं प्रार्थना आणि स्वागतगीतं वाजवून अश्लेषा विटली होती. आपल्याला काय येतं ते एकदा चार माणसांनी ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. त्या चार माणसांत नाना पहिले होते, आणि नाना तर पियानोला विलायती पेटी म्हणत नि दार लोटून घेत. तिनं भन्नाटच धरली.

मग पत्रिका आली. तिच्या नावापुढं छापलं होतं, ‘झांजवादन’.

“छापणाऱ्याला वाटलं, जाझ म्हणजे आमीच चुकून लिहिलंय,” अमरनाथ फोनवर म्हणाला. “त्यानं आपलं सुधारून झांज केलं. फ्लेक्सपण लागला, मॅडम. निवेदनात सांगतो की मी.”

भांडायलाही अंगात त्राण लागतं. तिनं फोन ठेवला आणि वळून बघितलं, तर नाना पत्रिका डोळ्यांजवळ धरून बसले होते.

“झांज? तू?”

गल्लीतल्या दत्ताच्या देवळात आरतीला झांज नानांचीच असायची. डावा हात गेल्यापासून ती जोडी देवघरात फडक्यात गुंडाळून पडली होती.

“कुणापाशी शिकलीस?”

“तुमचंच ऐकून,” ती बोलून गेली.

नानांनी पत्रिका उशाशी नीट ठेवली. मग म्हणाले, “माझा कोट काढून ठिव. मी येणार हाय.”

आजारपणापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. खरं सांगायची वेळ तीच होती, हे तिला कळत होतं. तिनं कपाट उघडलं आणि कोट झटकला.

वर्धापनदिनाच्या दुपारी अमरनाथनं पाठवलेल्या गाडीत नानांना बसवतानाच मनगट गेलं. सभागृहात त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत लागली. अमरनाथनं जाझचा खुलासा केला, पण माइक शिट्ट्या मारत होता आणि नानांना तसंही कमीच ऐकू यायचं. अश्लेषानं जोरात सुरुवात केली. थोडं पुढं गेली आणि उजवा हात अडला. डावा चालू ठेवून तिनं सूर गाळले, पुन्हा धरले, पुन्हा हात अडला. रचनेला भोकं पडत गेली. मागं खुर्च्या सरकल्या; कुणीतरी चहाला उठलं असणार. टाळ्या पडल्या त्या रीत म्हणून. नानांकडं बघायचा तिला धीर झाला नाही.

परतताना गाडी तुळजापूरचा घाट चढू लागली, तेव्हा मागच्या सीटवर नानांशेजारी बसलेल्या तिनं तोंड उघडलं.

“नाना, ते झांजेचं...”

“झांजवाला आलाच न्हाय, व्हय? तू पेटीवर बसलीस तेव्हाच वळखलं, झांज दुसरं कुणी वाजवणार होतं.”

तिनं त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली.

“तू जागा सोडल्या होत्यास त्याच्यासाठी. मला दिसत होतं की. आता वाजंल, मग वाजंल म्हणून मी वाट बघत होतो.” त्यांनी मान हलवली. “सगळ्या जागा रिकाम्या गेल्या. तरी तू थांबत होतीस त्याच्यासाठी. एवढं कुणी थांबत न्हाय.”

बाहेर गवत वाळलेले डोंगर मागं पडत होते.

“मला सांगायचं होतंस. मी जोडी घेऊन आलो असतो.”

बोलून झाल्यावर त्यांचं लक्ष मांडीवरच्या डाव्या हाताकडं गेलं. झांज धरल्यागत वर उचललेला उजवा हात तसाच राहिला.

अश्लेषानं आपलं सुजलेलं मनगट वळवलं आणि तळवा त्यांच्यासमोर धरला. मग ती त्यांच्या कानाशी तीच रचना गुणगुणू लागली. हात जिथं अडला होता, तिथं ती थांबली.

नानांनी बरोबर त्या जागी तिच्या तळव्यावर टाळी दिली. मनगटातून कळ थेट खांद्यापर्यंत गेली. तिनं हात तसाच धरून ठेवला आणि पुढची ओळ घेतली.