भाट्याच्या वाळूतली बैठक

आष्ट्याच्या शेवंती महिला मंडळात एक रीत होती. ती कुणी कागदावर लिहिली नव्हती, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. वार्षिक बैठकीत जी हजर नसेल, तिच्या गळ्यात काम. नऊ वर्षांपूर्वी चंद्राबाई सासूला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि परत येईतोवर अध्यक्षीण झाल्या होत्या. पुढं दर बैठकीत काही ना काही काम निघून त्या उठायच्याच, आणि तेव्हा मानेवर बसलेलं जोखड आजतागायत उतरलं नव्हतं.

यंदा शनिवार-रविवारची सहल रत्नागिरीला, आणि बैठक रविवारी दुपारी भाट्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात. चंद्राबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं, जागचं हलायचं नाही. नाव निघालं की उठायचं आणि सांगायचं, "बास झालं बायांनो, आता दुसरी बघा."

दमल्या होत्या हो बाई! आंबा घाटात सहा जणींनी उलट्या केल्या, त्यांच्या तोंडाशी पिशव्या ह्यांनीच धरल्या. थिबा पॅलेसात एकीची चप्पल तुटली, तर मोची शोधत ह्याच उन्हात हिंडल्या. बाकीच्या किल्ल्यावर फोटो काढत होत्या तेव्हा ह्या खाली चहाच्या टपरीवर चाळीस कप सांगत होत्या. भाट्याला येईतोवर समुद्र काय तो बसच्या खिडकीतून दिसला तेवढाच. घरी असलं तरी तेच, कुणाच्या सुनेचं भांडण मिटव, कुणाचं रेशनकार्ड कर. आणि वर ऐकायचं, "अध्यक्षीणबाईंचं काय, त्यांना मान हाय." मान कसला डोंबलाचा!

चार वाजता चटया अंथरल्या. चंद्राबाई मुद्दाम मधोमध बसल्या. सेक्रेटरी शालूबाईंनी वही उघडून अहवाल वाचायला घेतला, तेवढ्यात शेजारच्या धोंडुबाईंनी चंद्राबाईंचं कोपर धरलं. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेली ही म्हातारी मंडळात सगळ्यांत थोरली.

"चंदा, लय जोराची लागलीय गं. संडासला ने मला."

"आवं मावशी, ती साक्षी बसलीय न्हवं, ती न्हेईल की."

"नगं. ती पोरगी, मला लाज वाटती. तूच चल."

चंद्राबाईंनी शालूबाईंकडं पाहिलं.

"जावा की," शालूबाई म्हणाल्या. "अहवाल लय लांब हाय. तवर येताय तुमी."

वाळू तुडवत रस्त्याकडेच्या संडासापर्यंत जायला दहा मिनिटं गेली. आत गेलेल्या धोंडुबाई बाहेर यायचं नाव घेईनात. चंद्राबाई दाराशी ताटकळत उभ्या राहिल्या. मग बनातून टाळ्या ऐकू आल्या. म्हणजे निवड उरकली होती, त्यांच्या पाठीमागं.

दार उघडलं. धोंडुबाईंनी मान खाली घातली होती.

"मावशी, तुमाला लागली न्हवती."

"न्हाई."

"शालूनं सांगितलं व्हय?"

"तिनं इचारलं. मी व्हय म्हणलं."

चंद्राबाईंना संताप आला, आणि त्याच्या आधी रडू आलं. "तुमी सुदिक? मी किती दमलेय, दिसत न्हाई तुमास्नी?"

"दिसतंय की. न दिसायला काय झालं?" धोंडुबाई तिथल्या पायरीवर टेकल्या. "पर दुसरी कोण झाली असती, तर मला बसमदी घेतलं असतं का? गेल्या साली समद्या म्हणत हुत्या, म्हातारीचं वझं कशाला. तू भांडलीस. घरातनं भायेर मला दुसरं कोण काढतंय गं? तू हाईस म्हणून मी उंबरा वलांडते."

नाही म्हणायचे शब्द चंद्राबाईंनी दोन दिवस घोकले होते, ते सगळे वाया गेले. राग ओसरला. शीण तेवढा राहिला, होता तसाच. तिकडून शालूबाई हार हातात घेऊन हाका मारत येत होत्या.

चंद्राबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हातारीच्या काखेत हात घातला.

"उठा. वाळू भुसभुशीत हाय, पाय दमानं टाका. आन सांगून ठेवते, पुढल्या बैठकीला तुमाला खरंच लागली तरी मी न्हेणार न्हाई."

"न्हेशील," धोंडुबाई म्हणाल्या.