त्या दिवशीचा कापूस

“सर, भांडा ना माझ्याशी!” विभागप्रमुख बाई जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाल्या. “उद्याच्या बैठकीत अमेरिकन साहित्याचा पेपर बंद करायला निघालेत, आणि तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणताय?”

“मग काय म्हणू? मुलं येत नाहीत, हे खरंच आहे.”

बाई एके काळच्या त्यांच्याच विद्यार्थिनी. एका चुकीच्या सनावळीवरून हाच माणूस प्राचार्यांशी हमरीतुमरीवर आलेला त्यांनी पाहिला होता. साहित्यकृती आकाशातून पडत नाही, हे सरांचे ब्रीद. ती कोणत्या कायद्याखाली आणि कोणाच्या घामावर जन्मली हे कळल्याखेरीज तिचे पहिले पान उघडायचे नाही, ही त्यांची शिस्त. मुले त्यांना पाठीमागे ‘संदर्भराव’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होते.

पत्नी गेल्यापासून मात्र त्यांच्यातला हा वाद घालणारा माणूस कोठे निघून गेला, कोण जाणे. ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते कॉलेजात हजर झाले. स्वतःचे तास तर घेतलेच, शिवाय रजेवरच्या सहकाऱ्याचाही घेतला. लोक म्हणाले, धीराचा माणूस! सोबतीला येऊन राहिलेल्या धाकट्या बहिणीला मात्र त्यात धीर दिसत नव्हता.

“दादा, एकदाचं रडून घे रे. नुसता दगड झालायस,” आजच सकाळी चहाचा कप पुढे सरकवीत ती म्हणाली होती.

“बघू,” ते उत्तरले होते. जणू नळदुरुस्तीवाल्याला बोलवायचे राहिले होते.

“निदान एक वाक्य तरी द्या,” बाई म्हणाल्या. “हा पेपर का राहावा, ते बैठकीत सांगायला. बाकीचं मी निस्तरते.”

“तास झाला की सांगतो.”

“मग मीही येते. मागे बसते.”

पाठ होता गुलामगिरी संपल्यानंतर कोणी तरी लिहून घेतलेल्या एका म्हातारीच्या जबानीचा. कापसाचा बाजार, मालकाचे हक्क, नवराबायकोला वेगवेगळे विकण्याची मुभा, हे सारे सांगून झाले होते. आज मूळ पान. सर सपाट आवाजात वाचू लागले:

“‘पहाटे माझ्या नवऱ्याला विकून नेलं. मग मी मळ्यात गेले. त्या दिवशी माझा कापूस रोजच्यापेक्षा जास्त भरला.’”

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ओळीओळीला शंका काढते म्हणून वर्गाने तिचे नाव शंकासुर ठेवले होते.

“जास्त कसा, सर? तिला वाईट नाही वाटलं?”

“अगं, नवऱ्याच्या कटकटीतून सुटली ना!” मागून कोणी तरी म्हणाले.

वर्ग हसला, आणि ते हसू अर्ध्यावरच विझले. मुलीने जीभ चावली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

सरांनी खडू उचलला. मुकादमाचा चाबूक, रोज भरावे लागणारे ठरलेले वजन, उद्या मुलांनाही विकतील ही भीती. तिन्ही कारणे त्यांनी सुवाच्य अक्षरांत फळ्यावर लिहिली. तिन्ही बिनतोड होती.

“हे कळलं, सर,” मुलगी हळूच म्हणाली. “पण हे सगळं आदल्या दिवशीही होतंच ना? मग त्याच दिवशी जास्त का?”

त्यांनी फळ्यावरची तिन्ही कारणे पुन्हा एकदा वाचली. मग खडू खाली ठेवला.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

असे वाक्य त्या वर्गाने त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. घंटा झाली तरी पटकन कोणी उठले नाही.

बाहेर व्हरांड्यात बाई थांबल्या होत्या. “वाक्य, सर?”

“सांगा त्यांना, की इतकी वर्षं शिकवूनही एक पान मला अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत पेपर राहू द्या.”

“अहो, हसतील बैठकीत!”

“हसू देत. तुम्ही हसू नका म्हणजे झालं.”

बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी ते वाक्य जसेच्या तसे सांगितले. लोक हसले, आणि पेपर बंद झाला. चालू वर्गाचे वर्ष तेवढे पुरे करायचे ठरले. बाईंनी खाली येऊन ते सांगितले, तेव्हा सर ‘बरं’ म्हणाले नाहीत.

“चूक आहे हे,” ते म्हणाले. “मी लेखी विरोध देणार.”

मग ते वर्गावर गेले. टेबलाकडे न जाता ते पहिल्या बाकाशी थांबले. शंकासुराने दप्तर उचलून जागा केली. ते तिच्याशेजारी बसले आणि पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवले.

“वाच.”

“कुठून, सर?”

“त्याला नेतात तिथून.”

ती वाचू लागली. सरांचे बोट ओळीखालून तिच्या आवाजाबरोबर सरकत होते. ‘जास्त भरला’पाशी वाक्य संपले, ती थांबली, पण बोट तेथून हलेना. पान उलटायला धरलेला हात तिने हळूच मागे घेतला, आणि ती वाट पाहत राहिली.