हुंबरवाडीची शाखा

हुंबरवाडी गगनबावड्याच्या पुढे, घाटमाथ्यावर. तिथे कोल्हापूरच्या उदयरवी शिक्षण मंडळाची आठवी ते दहावीची शाखा होती. ती नसती तर सातवीनंतर पोरांना गगनबावडा गाठावा लागला असता, आणि पावसाळ्यात ओढा चढला की तेही नाही. अशा वेळी मुलगे मामाकडे राहून शिकतात. मुलींची शाळा सातवीतच संपते. ही शाखा टिकवायची, एवढ्याच मुद्द्यावर अवंतिका पाटगावकर संस्थेच्या निवडणुकीला उभी राहिली.

ती फार्मसी कॉलेजात शिकवायची. वडील याच संस्थेत मुख्याध्यापक होते, त्यामुळे नावाला वजन होते. अध्यक्ष हंबीररावांना आपल्या पॅनेलमध्ये असे एक नाव हवेच होते.

"हुंबरवाडीची शाखा बंद होणार नाही, हे सगळ्यांसमोर सांगा. मगच अर्ज भरते," ती म्हणाली.

"ताई, तुमचा शब्द त्योच माझा शब्द," हंबीरराव म्हणाले, आणि मंगळवार पेठेतल्या प्रचारसभेत त्यांनी तसे सांगितलेही. पॅनेलच्या पत्रकावर पहिला मुद्दा तोच छापला.

संस्थेत मत फक्त आजीव सभासदांना. शिकणाऱ्यांच्या पालकांना नाही, शिकवणाऱ्यांना नाही. प्रचारात अवंतिका घरोघर फिरली तेव्हा कळले की बहुतेक मतदारांची नातवंडे इंग्रजी शाळेत आहेत. शाहूपुरीतल्या एका निवृत्त वकिलांनी तिचे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते ठीक. पण संस्थेचा हॉल मेमध्ये मोकळा आहे का? धाकटीचं लग्न काढलंय."

हुंबरवाडीची मते मात्र वेगळी होती. शाळेसाठी गावाने जागा दिली, दगड वाहिले, म्हणून संस्थापकांनी तेव्हा घरटी एकाला सभासद करून घेतले होते. नवरा गेल्यावर वाडीतल्या चिमणाबाईचे नाव सभासद म्हणून लागले होते. तिची नात स्वप्नाली तेव्हा सातवीत होती. मतदानाला पॅनेलची गाडी वाडीवर गेली आणि सगळी वाडी तिच्यात बसून कोल्हापुरात आली. अवंतिका थोड्या फरकाने निवडून आली, ती त्या मतांवर.

पहिल्याच बैठकीत विषय आला: हुंबरवाडी शाखेचे स्थलांतर. पटसंख्या कमी, म्हणून शाखेची मान्यता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीजवळ न्यायची. तिथे कामगारांची वस्ती वाढली होती, फी देणारे पालक होते.

"तुम्ही शब्द दिला होता," अवंतिका म्हणाली.

"बंद करायची न्हाय, असा दिलावता. बंद कोन करतंय? जागा बदलतीया," हंबीरराव म्हणाले. "आनि ताई, आपल्याकडं रिवाज हाय. पहिल्या ठरावाला अनुमोदन नव्या संचालकाचं."

कोणीतरी हसले. बाकीचे तिच्याकडे बघत राहिले.

"विरोध केलासा तरी ठराव व्हनारच," हंबीरराव आवाज खाली आणून म्हणाले. "पर मग परवा तुमी दिलेला मुलींच्या वसतिगृहाचा विषय कुनी मांडायचा? वाडीच्या पोरी हितं आनून ठेवा की. कोन नको म्हनतंय?"

तिने मनाशी हिशेब केला. शाखा जाणारच आहे, निदान वसतिगृह तरी पदरात पडेल. "अनुमोदन," ती म्हणाली. चहा आला.

वसतिगृह पुढच्या वर्षी झाले. वाडीतून एकही मुलगी आली नाही. अवंतिकाने दोनदा निरोप पाठवले, स्वतः मात्र गेली नाही.

तीन वर्षांची मुदत संपली आणि या वर्षी पुन्हा निवडणूक लागली. मतदान कागलच्या नव्या इमारतीत होते. अवंतिका पॅनेलसोबत फाटकाशी हात जोडून उभी होती. वाडीची गाडी आली. चिमणाबाई उतरली, मागोमाग स्वप्नाली. पोरगी उंच झाली होती.

स्वप्नालीने मान वर करून फलक वाचला. वर मोठ्या अक्षरांत संस्थेचे नाव, खाली बारीक अक्षरांत: माध्यमिक विद्यालय, हुंबरवाडी. मान्यता त्या नावाची, म्हणून नाव तसेच ठेवावे लागले होते.

"आज्जे, आपल्या गावाचं नाव हाय की गं!"

"कुटं?"

"ह्यो काय. हीच आपली शाळा."

चिमणाबाईने तिन्ही मजले बघून घेतले. मग ती अवंतिकासमोर आली.

"चांगली बांदलीसा. आमच्याकडं गळायची."

"स्वप्नालीला वसतिगृहात का नाही पाठवलं, आजी?" अवंतिकाने विचारले.

"म्हशी कोन बगनार? आई हिची शेताला. सातवीपतूर सकाळी शाळंला जाऊन सांच्याला घरला येत हुती, तवर चालत हुतं." तिने पदर सावरला. "मताला गाडी येती दारापतूर. पोरींस्नी न्ह्यायला कवा आली न्हाय."

"अजून होईल काहीतरी. बाहेरून दहावीला बसता येतं, अर्ज भरला की. मी बघते."

"बगा," चिमणाबाई म्हणाली. त्यात राग नव्हता, अपेक्षाही नव्हती.

हंबीरराव लगबगीने आले. "आज्जी, मत आपल्यालाच की न्हाय? ताईंच्या नावाफुडं शिक्का मारा."

"त्येंच्याच फुडं मारतो. ह्येनी शाळा न्हेली. दुसरा आला तर आनि काय न्ह्यायचा, कुनाला ठावं."

हंबीरराव मोठ्याने हसले आणि तिला आत घेऊन गेले. स्वप्नाली फाटकाशीच थांबली. थोड्या वेळाने तिने विचारले, "बाई, आठवीचा वर्ग कुटला?"

अवंतिकाने इमारतीकडे पाहिले. कोनशिलेवर तिचे नाव होते. वर्ग तिला माहीत नव्हता.

"शिपायाला विचारते," ती म्हणाली आणि आत वळली. तेवढ्यात मतदान उरकलेली वाडीची माणसे बाहेर येऊ लागली. अजून दोन खेपा करायच्या होत्या, म्हणून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अवंतिका शिपायाला घेऊन परत आली तेव्हा स्वप्नालीला घेऊन गाडी फाटकाबाहेर वळली होती.

संध्याकाळी मोजणी झाली. पॅनेलमध्ये सर्वाधिक मते अवंतिकाला पडली. हुंबरवाडीचे एकही मत फुटले नव्हते.